पहिल्या मतदारयादीचे शिल्पकार : सुकुमार सेन

मतदानाच्या दिवशी सकाळी आपण जवळच्या शाळेत जातो, रांगेत उभे राहतो, आत गेल्यावर एक कर्मचारी यादीतील आपला अनुक्रमांक शोधतो, नाव मोठ्याने वाचतो, दुसरा बोटाला शाई लावतो आणि आपण आडोशामागे जाऊन मत देतो. अवघ्या काही मिनिटांचे हे काम. ते इतके अंगवळणी पडले आहे की यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी, केव्हातरी, प्रथमच ठरवली असेल हे आपल्या मनातही येत नाही. यादी घरोघर जाऊन करायची, त्यात प्रत्येकाचे स्वतःचे नाव लिहायचे, उमेदवार चिन्हावरून ओळखू यायला हवा, एकदा मत दिलेला माणूस शाईवरून ओळखता यायला हवा, ही सारी घडी ज्यांच्या अमदानीत बसली ते भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. एके काळी देशाच्या सीमेपलीकडेही गाजलेले हे नाव आज स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकातील एका ओळीपुरते उरले आहे.

याला काही अंशी सेन स्वतःच जबाबदार आहेत. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही, खासगी कागदपत्रांचा संग्रह मागे ठेवला नाही. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांचे अधिकृत अहवाल हाच त्यांचा खरा वारसा. मूळचे ते गणिताचे विद्यार्थी. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे लंडन विद्यापीठात त्यांनी गणितात सुवर्णपदक मिळवले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी ते आयसीएस झाले आणि अविभक्त बंगालच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत त्यांनी प्रशासक व न्यायाधीश म्हणून काम केले. त्यांचे धाकटे बंधू अशोककुमार सेन हे नामांकित कायदेपंडित होते व पुढे केंद्रात कायदामंत्री झाले. स्वातंत्र्यानंतर सुकुमार सेन पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. फाळणीने दुभंगलेल्या, निर्वासितांच्या लोंढ्यांनी गजबजलेल्या त्या प्रांताचा गाडा हाकत असतानाच त्यांना दिल्लीचे बोलावणे आले. २१ मार्च १९५० रोजी त्यांनी मुख्य निवडणूक आयुक्तपदाची सूत्रे हाती घेतली.

हे पद नवे होते, कार्यालय नवे होते आणि कामाला पूर्वदाखला नव्हता. ब्रिटिश अमदानीत निवडणुका होत, परंतु त्या मूठभरांच्या. १९३५ च्या कायद्यानुसार मताचा अधिकार मालमत्ता, सारा, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून होता. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते जेमतेम तीन-साडेतीन कोटी. त्यातही धर्मानुसार स्वतंत्र मतदारसंघ. राज्यघटनेने हे सारे एका फटक्यात मोडीत काढले. कलम ३२५ ने धर्म, वंश, जात वा लिंग यांचा भेद न करणारी एकच मतदारयादी सांगितली, तर कलम ३२६ ने एकवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला मताचा हक्क दिला. ज्या देशात १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे शंभरांपैकी जेमतेम अठरा माणसे साक्षर होती, त्या देशाने एका रात्रीत हा निर्णय घेतला होता. पंतप्रधान नेहरूंना १९५१ च्या वसंतात निवडणुका व्हाव्यात असे वाटत होते. सेन यांच्यातील गणितज्ञाला मात्र आकडे दिसत होते आणि ते आकडे घाई मानणारे नव्हते.

यादीचे काम शून्यातून सुरू झाले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. घटना अजून लिहिली जात होती तेव्हाच, १९४८ पासून, संविधान सभेच्या सचिवालयाने बी. एन. राव यांच्या मार्गदर्शनाखाली प्रांतांना व संस्थानांना मतदारयाद्यांचे मसुदे तयार करण्यास सांगितले होते. त्यात सर्वांत अवघड प्रश्न होता निर्वासितांचा. ज्यांची घरे सीमेपलीकडे राहिली, ज्यांच्याजवळ ना भाड्याची पावती ना शिधापत्रिका, त्यांचे नाव कोणत्या गावाच्या यादीत लिहायचे? अशा माणसाने येथे कायमचे राहण्याचा आपला इरादा असल्याचे जाहीर केले की त्याचे नाव तूर्त नोंदवून घ्यावे, असा मार्ग सचिवालयाने काढला. कागद नाही म्हणून नागरिकाला दारातून परत पाठवायचे नाही, ही भूमिका पहिल्या यादीच्या मुळाशीच होती. सेन यांच्याकडे आले ते हे अर्धेमुर्धे, ठिकठिकाणी निराळ्या पद्धतीने झालेले काम. त्याला एकसूत्री आणि कायद्याच्या कसोटीस उतरेल असे रूप त्यांना द्यायचे होते.

त्या कामाचा पसारा केवढा होता! शेकडो संस्थाने नुकतीच विलीन झाली होती. अनेक ठिकाणी घरांना क्रमांक नव्हते, लोकांना आडनावे नव्हती, जन्मतारखेची नोंद तर विरळाच. वय विचारले की दुष्काळाच्या, पुराच्या किंवा राजाच्या राज्यारोहणाच्या वर्षावरून हिशेब करायचा. तलाठी, शिक्षक, कारकून घरोघर फिरले. जमवलेली नावे मतदारसंघवार टंकलिखित करून जुळवण्यासाठी साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांच्या कराराने नेमण्यात आले. याद्यांच्या छपाईला सुमारे तीन लाख ऐंशी हजार रिमे कागद लागला. शेवटी जम्मू-काश्मीर वगळता सतरा कोटी बत्तीस लाखांची नावे यादीत आली. जगात तोपर्यंत एवढी मोठी मतदारयादी कोणत्याही देशात झाली नव्हती.

आणि नेमक्या याच टप्प्यावर सेन यांच्या कारकीर्दीतील सर्वांत कठीण पेच उभा राहिला. याद्यांचे मसुदे तपासताना असे आढळले की लक्षावधी स्त्रियांची नावे यादीत नव्हतीच. तेथे लिहिले होते अमक्याची आई, तमक्याची बायको, फलाण्याची मुलगी. परक्या पुरुषाला आपले नाव सांगायचे नाही, ही रूढी. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश या भागांत असे प्रकार विशेष होते. मराठी वाचकाला हे अगदीच अनोळखी वाटू नये. नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज न घेणाऱ्या आणि लग्नानंतर स्वतःचे नावही बदलून घेणाऱ्या बायका आपल्याही घरांत होत्याच. चार भिंतींच्या आत ज्या बाईला साऱ्यांनी आयुष्यभर कोणाची तरी कोणी म्हणूनच हाक मारली, तिला दारात उभ्या असलेल्या सरकारी माणसाने प्रथमच तिचे स्वतःचे नाव विचारले होते.

सेन यांच्यापुढे दोन वाटा होत्या. असेल तशी नोंद चालवून घ्यावी, म्हणजे आकडा फुगेल, गाजावाजा टळेल आणि निवडणूक वेळेवर होईल. किंवा नाव नाही तर नोंद नाही असा नियम लावावा. त्यांनी दुसरी वाट धरली. याद्या दुरुस्त कराव्यात, स्त्रियांची खरी नावे मिळवावीत असे आदेश निघाले. राजकीय पक्षांना व स्त्रियांच्या संस्थांना आवाहने झाली. काही राज्यांत मुदत वाढवून देण्यात आली, तिचा बिहारमध्ये चांगला उपयोग झाला, राजस्थानात मात्र फारसा नाही. अखेरीस देशातील सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांच्या नोंदी गाळाव्या लागल्या.

हा निर्णय योग्य होता का? त्याचा दोष ज्या समाजाचा होता त्याला शिक्षा झाली नाही, शिक्षा झाली त्या स्त्रियांना, असे म्हणता येईल आणि ते खोटे नाही. त्या २८ लाख स्त्रियांना देशाच्या पहिल्या निवडणुकीत मत देता आले नाही आणि तो क्षण पुन्हा कधी येणार नव्हता. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमक्याची आई या नोंदीवर मत द्यायला कोण आले, हे केंद्रावरचा अधिकारी कशावरून ठरवणार? शिवाय मत हा व्यक्तीचा हक्क आहे, कुटुंबाचा नव्हे. पूर्वीच्या कायद्यात अनेक स्त्रियांना मत मिळत असे ते नवऱ्याच्या मालमत्तेमुळे. नव्या घटनेने ते नाते तोडले होते. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने केलेली नोंद स्वीकारणे म्हणजे तेच नाते मागच्या दाराने परत आणणे झाले असते. जो गदारोळ झाला त्यामुळेच पुढच्या खेपेला ही रूढी सैल होईल, असा सेन यांचा होरा होता. काळाने तो खरा ठरवला. मात्र त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

याद्या तयार होत असताना कायदा मागे रेंगाळत होता. लोकप्रतिनिधित्वाचा पहिला कायदा १९५० मध्ये झाला, परंतु प्रत्यक्ष मतदान कसे घ्यायचे, उमेदवारी अर्ज, गैरप्रकार, निवडणूक-अर्ज यांचे नियम सांगणारा दुसरा कायदा जुलै १९५१ उजाडेपर्यंत आला नाही. मतदारसंघांच्या सीमांवरूनही संसदेत बराच काळ खल झाला. लोकसभेच्या ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ आखण्यात आले. त्यांतील ८६ द्विसदस्य, तर एक त्रिसदस्य होता. विधानसभांच्या ३२८३ जागा निराळ्या. सेन यांनी निवडणुका पुढे ढकलल्याबद्दल टीका सोसली, पण याद्या व कायदा दोन्ही हातात आल्याशिवाय तारीख जाहीर केली नाही.

मग प्रश्न आला मत देण्याच्या रीतीचा. ज्याला अक्षरओळख नाही त्याने मत गुप्तपणे कसे द्यावे? कोणाला विचारून दिले तर गुप्तता संपली. यावर उत्तर निघाले ते चिन्हाचे आणि प्रत्येक उमेदवाराच्या स्वतंत्र पेटीचे. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती अशी शेतात, घरात, रस्त्यावर रोज दिसणारी चिन्हे निवडण्यात आली. आडोशामागे उमेदवारांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या असत व प्रत्येकीवर चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने कागदावर काहीही खूण करायची नव्हती, हाती मिळालेली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची एवढेच. लोकसभेसाठी एक, विधानसभेसाठी दुसरी.

या व्यवस्थेला वीस लाखांहून अधिक पोलादी पेट्या लागल्या आणि त्यासाठी सुमारे ८२०० टन पोलाद खर्ची पडले. यातील फार मोठा वाटा मुंबईने उचलला. विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात बारा लाखांहून अधिक पेट्या तयार झाल्या आणि आगगाडीने देशभर रवाना झाल्या. मतपत्रिका छापल्या गेल्या त्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, जेथे चलनाशी संबंधित कागदांची छपाई होत असे. मताचा कागद नोटेइतकाच जपून छापावा लागतो, हे यातून आपोआप सूचित झाले. बोटाला लावायची शाई भारतीय शास्त्रज्ञांनी तयार केली. तिच्या तीन लाख ८९ हजार ८१६ कुप्या या निवडणुकीत वापरल्या गेल्या. अहवालात हा आकडा शेवटच्या कुपीपर्यंत दिलेला आहे, यावरून सेन यांच्या स्वभावाची कल्पना यावी.

लोकांना मतदान म्हणजे काय हे समजावून सांगणे हाही कामाचाच भाग होता. तीन हजारांहून अधिक चित्रपटगृहांतून मताधिकारावरील माहितीपट दाखवण्यात आला, आकाशवाणीवरून भाषणे झाली, ठिकठिकाणी नमुना मतदान घेऊन माणसांना पेटीपर्यंत नेऊन आणण्यात आले. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी स्वतंत्र केंद्रे व तेथे स्त्री-कर्मचारी नेमण्यात आले. डोंगराळ भागात मतपेट्या नेण्यासाठी नद्यांवर पूल बांधावे लागले, तर बेटांवर नौदलाच्या जहाजांनी सामग्री पोहोचवली.

पहिली मते पडली ती २५ ऑक्टोबर १९५१ रोजी, हिमाचल प्रदेशातील चिनी तहसिलात. बर्फ पडून वाटा बंद होण्याआधी तेथील मतदान उरकणे भाग होते. योगायोग असा की त्याच दिवशी ब्रिटनमध्येही सार्वत्रिक निवडणूक होती. ज्यांनी भारतावर राज्य केले ते आणि ज्यांच्यावर राज्य केले ते एकाच दिवशी आपापला राज्यकर्ता निवडत होते. ब्रिटिश मतदाराला निकाल दुसऱ्याच दिवशी कळला. चिनीच्या मतदाराला मात्र कित्येक महिने वाट पाहावी लागली, कारण उर्वरित देशातील मतदान पुढे फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालू होते.

त्या महिन्यांतले वृत्तांत वाचताना आजही मन हलते. माणसे सणासारखी नवे कपडे घालून आली. काहींनी मतपेटीला हळदकुंकू वाहिले. वृद्धांना नातवंडांनी आधार देऊन आणले. ग्रामीण महाराष्ट्रातील एका नव्वदीच्या गृहस्थांनी विधानसभेचे मत दिले आणि लोकसभेचे द्यायच्या आतच त्यांनी प्राण सोडला, अशी बातमी त्या वेळी प्रसिद्ध झाली होती. मोजणीसाठी पेट्या उघडल्या तेव्हा काहींतून मतपत्रिकांबरोबर नाणी, अर्ज, चिठ्ठ्या आणि सिनेनटांची छायाचित्रेही निघाली. ज्याला सरकारदरबारी कधी कोणी उभे केले नव्हते, त्याला ही पेटी आपले गाऱ्हाणे ऐकेल असे वाटले असावे. पद्धतीत दोषही होते. कोरी मतपत्रिका आडोशामागून बाहेर नेऊन विकता येण्याचा धोका त्यांत मोठा होता. म्हणूनच १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सर्व नावे असलेल्या मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली.

एकंदर सुमारे ४५ टक्के मतदान झाले. हा आकडा आज कमी वाटेल, पण ज्यांतील बहुतेकांनी त्यापूर्वी कधी मत दिलेच नव्हते अशा कोट्यवधी माणसांचा तो आकडा आहे. निकालांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मुंबई राज्याचे गृहमंत्री मोरारजी देसाई विधानसभेच्या निवडणुकीत हरले, राजस्थानचे मुख्यमंत्री जयनारायण व्यास हरले. सत्तेवर असलेल्या पक्षाचे बडे मंत्री पडतात आणि निकाल निमूटपणे मान्य होतो, ही गोष्ट नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत दुर्मीळ होती. याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून घटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले. त्या निकालाविरुद्ध त्यांनी कायद्याने आखून दिलेला निवडणूक-अर्जाचा मार्ग अवलंबला. निकाल पटला नाही तर दाद कोठे मागायची, हेही या नव्या व्यवस्थेने सांगून ठेवले होते.

पहिल्या निवडणुकीचा लौकिक देशाबाहेर पोहोचला. १९५३ साली सुदानमध्ये पहिली संसदीय निवडणूक व्हायची होती. ती घेण्यासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद सेन यांच्याकडे आले. सुदानी, इजिप्शियन, ब्रिटिश व अमेरिकन सदस्य असलेल्या त्या सात जणांच्या आयोगाचे काम एका भारतीयाने यशस्वीपणे पार पाडले. १९५४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे १९५७ ची दुसरी सार्वत्रिक निवडणूकही त्यांनीच घेतली. मतदार आता १९ कोटींच्या वर गेले होते, तरीही खर्च पूर्वीपेक्षा कमी झाला, कारण पहिल्या खेपेच्या पेट्या सेन यांनी नीट जपून ठेवल्या होत्या. त्याच निवडणुकीत केरळमध्ये मतपेटीतून कम्युनिस्टांचे सरकार आले आणि यंत्रणा कोणाच्याही बाजूची नाही, याची आणखी एक साक्ष मिळाली.

डिसेंबर १९५८ मध्ये सेन निवृत्त झाले. १९६० साली बर्दवान विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे ते पहिले कुलगुरू. पुन्हा एकदा नव्या संस्थेची पहिली घडी बसवण्याचेच काम त्यांच्या वाट्याला आले. त्यानंतर काही वर्षांतच त्यांचे निधन झाले. राजधानीतील कोणत्या चौकात त्यांचा पुतळा आहे म्हणून लोक त्यांना ओळखतात, असे घडले नाही. निवडणूक नीट झाली की ती घेणारा कोणाच्या लक्षात राहत नाही, हे या पेशाचे भाग्यही आहे आणि दुर्भाग्यही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत मतदारांची संख्या ९७ कोटींच्या घरात गेली होती. वयाची अट १९८९ पासून अठरा झाली. पेटीची जागा यंत्राने घेतली. ज्या देशात २८ लाख स्त्रियांची नोंद नावाअभावी गळाली, त्याच देशात २०१९ व २०२४ च्या लोकसभा निवडणुकांत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित अधिक राहिली. त्या स्त्रियांच्या नाती-पणतींनी आपले नाव स्वतः सांगितले आणि जाऊन मत दिले.

तरीही यादीचा प्रश्न संपलेला नाही. २०१४ साली मुंबई-पुण्यात हजारो लोक मतदान केंद्रावरून परत फिरले, कारण वर्षानुवर्षे असलेले त्यांचे नाव यादीत नव्हते. शहरात माणूस भाड्याचे घर बदलतो, उपनगरात जातो, आणि जुन्या पत्त्यावरचे नाव कधी गळते याची त्याला वार्ता नसते. मतदानाच्या आदल्या रात्री शोधाशोध करून उपयोग नसतो. सेन यांनी दोन वर्षे खर्ची घातली ती मतदानाच्या दिवसावर नव्हे, त्याच्या आधीच्या यादीवर. दुसऱ्याच्या नावावर आपला हक्क चालत नाही आणि आपले नाव आपल्याशिवाय कोणी सांगत नाही, हा त्या यादीने घालून दिलेला नियम. पुढची निवडणूक जाहीर होण्याआधी एकदा यादी उघडून त्यात आपले नाव पाहणे, चुकले असल्यास अर्ज भरून दुरुस्त करून घेणे, एवढे आपल्या हाती नक्कीच आहे.